चुकीचा बेंच

आज सकाळी सातला ब्रॅम्प्टनच्या रिंकवर, लेकाची आइस हॉकीची मॅच. दुसऱ्या पिरियडमध्ये लेक रिंकच्या कडेच्या बोर्डवर आपटला, पडला, लगेच उठलाही. मी टाळ्या वाजवल्या! मग बघते तर स्वारी समोरच्या टीमच्या बेंचकडे निघालेली.

कन्कशनची, म्हणजे मेंदूला मार बसल्याची, शंका आली आणि ट्रेनरने तिथेच त्याचा खेळ थांबवला. स्कोअर विचारला तर याने गेल्या मॅचचा सांगितला. "आई, मी बरा आहे, सांग ना त्यांना!" शुद्ध हरपली नव्हती, साधं टेंगूळही नाही. आणि मी इतकी वर्षं 'बेशुद्ध पडला तरच काळजी' हेच धरून बसलेले. हेल्मेट कवटी वाचवतं, पण आत मेंदू हिंदकळतो त्याला ते बिचारं काय करणार?

कॅनडातल्या आमच्या ऑन्टॅरिओ प्रांतात २०१८ पासून कन्कशनसाठी कायदाच आहे. ओटावाची १७ वर्षांची रोवन स्ट्रिंगर २०१३ मध्ये रग्बी खेळताना लागून गेली. आधीचा मार बरा व्हायच्या आत डोक्याला पुन्हा लागलं होतं. कायदा तिच्याच नावाचा. नुसती शंका आली तरी खेळाडू बाहेर, आणि डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय मॅच नाही.

डॉक्टर म्हणाले, दोन दिवस आराम, स्क्रीन कमी, मग चालणं, शाळा, हळूहळू स्केटिंग. त्रास वाढला की एक पायरी मागे. नाशिकहून आईचा फोन, "त्याला झोपू देऊ नकोस गं!" तपासून झालंय, झोपू दे म्हणालेत, हे तिला तीनदा सांगितलं.

लेकाला म्हटलं, हॉकीचा स्टार सिडनी क्रॉसबीसुद्धा कन्कशनमुळे २०११ मध्ये जानेवारीपासून नोव्हेंबरपर्यंत बाहेर होता.

"हो, पण त्याने आधी स्टॅनली कप जिंकला होता."

आता पडदे ओढून पडलाय. वरणभात मागितलाय.