डायल मूळची की रंगवलेली, हे फोटोवरून कळते का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहीत आहे. जुन्या एचएमटी आणि फेवर-ल्यूबा घड्याळांचे अगदी जवळून काढलेले माझे फोटो पाहिले, की बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: आजोबांचे घड्याळ घरात आहे, त्याचा असा फोटो काढला तर डायल मूळची आहे की नंतर रंगवलेली, हे समजेल का? समजते. मात्र कॅमेरा कोणता यापेक्षा प्रकाश कोणत्या बाजूने आला, याला अधिक महत्त्व आहे.

जुनी डायल खरवडून पुन्हा रंगवण्याचे काम आपल्याकडे इतके चालते, की परदेशातील संग्राहक अशा घड्याळांना सरसकट 'मुंबई स्पेशल' म्हणतात. एचएमटीचा बंगळूरचा कारखाना १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने उभा राहिला आणि २०१६ मध्ये सरकारने एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे मूळच्या डायली आता जेवढ्या उरल्या आहेत तेवढ्याच. रंगवलेली डायल विकणे हा गुन्हा नव्हे, पण ती रंगवलेली आहे हे घेणाऱ्याला आधी कळले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

घड्याळाची काच, चकचकीत काटे आणि डायलवर बसवलेल्या तासांच्या धातूच्या खुणा यांत समोरची प्रत्येक वस्तू उमटते, अगदी कॅमेऱ्याची लेन्ससुद्धा. म्हणून एरवी घड्याळाभोवती ट्रेसिंग पेपरची नळी उभी करून दिवा तिच्या बाहेर ठेवतात. त्या मऊ प्रकाशात फोटो देखणा येतो, पण डायलचा उंचसखलपणा त्यात पूर्णपणे नाहीसा होतो, आणि विक्रीसाठी काढलेल्या फोटोंवरून निदान करणे अवघड जाते ते यामुळेच. तपासायचे असेल तेव्हा मी कागद काढून टाकतो आणि एकच लहान टॉर्च, घड्याळाच्या केसची, म्हणजे बाहेरच्या कवचाची, कड आड येणार नाही इतपत खाली, डायलला जवळजवळ समांतर धरतो. मग रंगाचा थर बोलू लागतो. मूळच्या छपाईत कोरलेल्या पत्र्यावरची शाई मऊ पॅडने उचलून डायलवर टेकवलेली असते, त्यामुळे अक्षराची कड तीक्ष्ण असते आणि अक्षराला किंचित उंची असते. रंगवलेल्या डायलवर अक्षरांच्या कडा बऱ्याचदा पसरलेल्या दिसतात, मिनिटांच्या रेघांमधील अंतर कमीजास्त होते, आणि खुणांच्या बुंध्याशी रंग साचून, दुधाच्या भांड्याला कडेने साय धरावी तशी, एक बारीक किनार धरलेली असते. ही किनार टॉर्चच्या तिरप्या प्रकाशात स्पष्ट सावली टाकते.

काट्यांमधील चमकणारा लेप काळाने तपकिरी झाला असेल आणि डायलवरील ठिपके मात्र पांढरेशुभ्र असतील, तर संशय घ्यावा. अर्थात काटेही बदललेले असू शकतात, म्हणून एकाच लक्षणावरून निर्णय देऊ नये.

फोटो सरळ वरून काढावा, कारण १:१ प्रमाणात (सेन्सरवर वस्तू तिच्या खऱ्या आकाराएवढी उमटते तेव्हा) लेन्सचे छिद्र एफ/८ इतके लहान ठेवूनही जेमतेम एक मिलिमीटर खोली फोकसमध्ये राहते. काटे स्पष्ट आले की डायल धूसर होते. छिद्र आणखी लहान केले तर विवर्तनामुळे, म्हणजे अरुंद छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, बारीक तपशील पुसट होतात. म्हणून फोकस थोडा थोडा सरकवत अनेक फोटो काढून ते संगणकावर एकत्र करावे लागतात. डायलपेक्षा मशीनचे फोटो अवघड, कारण एचएमटीच्या 'जनता'सारख्या चावीच्या घड्याळाचे बॅलन्स व्हील, म्हणजे वेळेची लय राखणारे मागेपुढे फिरणारे चाक, सेकंदाला पाच ठोके देत हलत असते आणि जोडलेल्या चित्रात त्याच्या अनेक छाया उमटतात. चावी पूर्ण उतरून घड्याळ आपोआप थांबेपर्यंत वाट पाहणे हाच उपाय.

घड्याळ सर्व्हिसिंगला द्याल तेव्हा डायल बाहेर काढलेली असताना तिच्या मागच्या बाजूचाही फोटो घ्या, घड्याळजीला तशी विनंती केली तर तो सहसा नाही म्हणत नाही. डायलचे पाय (तिला मशीनवर धरून ठेवणाऱ्या मागच्या बारीक खुंट्या) जागेवर आहेत का, की ते तुटल्यामुळे डायल टेपने चिकटवली आहे, आणि कारखान्याचे शिक्के शाबूत आहेत का, हे तिथे दिसते.