वर्दी पाहून मूल देत नाही

नागपुरात डिसेंबर म्हणजे विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन, अन् अधिवेशन म्हणजे बंदोबस्त. बाकी लोकांना थंडी, संत्री अन् ट्रॅफिक जाम एवढंच आठवते, पण मी पोलीस लाईनजवळ पाळणाघर चालवते, त्यामुळे माझ्यासाठी हा महिना म्हणजे संध्याकाळी सहाला कुठलीच आई वेळेवर येणार नाही हे धरून चालायचं.

तर त्या दिवशीची गोष्ट. आमच्याकडे एका शिपाई मॅडमचं नऊ महिन्यांचं पोट्टं येते. 180 दिवसांची रजा संपली अन् बाई सरळ ड्युटीवर. नवरा एसआरपीत, म्हणजे राज्य राखीव पोलीस दलात, तो बंदोबस्तासाठी जिल्ह्याबाहेर. सासू गावाकडे, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. मॅडम सकाळी येते, अंगावरचं दूध काढून भरलेल्या बाटल्या, त्यांच्यावर वेळ लिहिलेली चिकटपट्टी, त्या फ्रीजमध्ये ठेवते अन् पळते. ते दूध गॅसवर तापवायचं नाही, कोमट पाण्याच्या वाटीत बाटली उभी करायची, वर साय आल्यासारखी दिसते ती हलक्या हाताने फिरवून मिसळायची. नवीन मावशीला हे शिकवायला मला आठवडा लागला, तिला वाटे दूध नासलं.

मॅडमची ड्युटी मॉरिस कॉलेज टी पॉइंटला. यशवंत स्टेडियमहून मोर्चे निघतात त्यातले बरेच तिथे अडवतात, मग शिष्टमंडळ विधानभवनात मंत्र्याला भेटायला जाते अन् ते परत येईपर्यंत हजारो लोक रस्त्यावर बसून राहतात. म्हणजे बॅरिकेडला उभी असलेली बाई किती वाजता सुटेल हे तिच्या साहेबाच्याही हातात नसते, ते मंत्रीसाहेब कधी भेटतात त्यावर. त्या दिवशी मोर्चेकरी उठायलाच तयार नव्हते. सहा वाजले, सात वाजले, मॅडमचा फोन लागून नाही राहिला. चारलाच शेवटची बाटली संपली होती. मऊ वरणभात भरवला, थोडा खाल्ला, बाकीचा माझ्या साडीवर.

साडेसातच्या सुमारास गेटवर बुलेट थांबली. एक हवालदार, पूर्ण वर्दीत, नेमप्लेट-बिमप्लेट सगळं. "ताई, मॅडमनी पाठवलं, पोट्टं द्या, तिच्या बहिणीकडे सोडून देतो." मी कार्ड काढून पाहिलं. आमच्याकडे प्रत्येक मुलाचं कार्ड असते, कोणाच्या हाती द्यायचं त्यांची नावं, फोटो, सही. त्यात याचं नाव नव्हतं. म्हटलं, दादा, देता येत नाही. तो आधी हसला, मग चिडला. "अहो मी पोलीस आहे, माझ्यावर भरोसा नाही का?" मी म्हटलं, भरोसा आहे, बसा, चहा घ्या, पण पोट्टं नाही देत. खरं सांगते, पाय लटपटत होते, वर्दीवाल्या माणसाला नाही म्हणायची आपल्याला कुठे सवय असते!

तो बसला. चहा नाही घेतला. मग त्यानेच आपल्या ओळखीतल्या कोणाकोणाला फोन लावले, शेवटी टी पॉइंटवरच्या एका पीएसआय मॅडमनी तिला शोधून व्हिडिओ कॉलवर आणलं. मागे नुसता घोषणांचा आवाज. मी तिला विचारलं, यांना देऊ का? ती म्हणाली, "नका देऊ ताई, मी फक्त निरोप द्यायला सांगितलं होतं, थंडीत गाडीवर कुठे नेतात त्याला, मी येते." हवालदार दादांचं तोंड पाहण्यासारखं झालं. माणूस वाईट नव्हता, मदतच करायला आला होता, स्वतःच्या डोक्याने जरा जास्त.

मॅडम दहा वाजता आली. बूटसुद्धा काढले नाही, तिथेच खाली बसून त्याला अंगावर घेतलं.

2021 मध्ये महिला पोलिसांची ड्युटी बाराची आठ तास झाली, नागपूर शहर त्यात पहिल्यांपैकी होतं, तेव्हा लाईनमध्ये किती आनंद झाला होता. पण सणवार, बंदोबस्त, तातडीचं काही निघालं की जास्त थांबावंच लागते. अन् पाळणाघराची खरी गरज नेमकी त्याच दिवशी. 2017 पासून कायद्यात आहे की 50 किंवा जास्त लोक कामाला असतील तिथे पाळणाघर पाहिजे, आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाऊ द्यायचं. छान आहे. आता बॅरिकेड धरून उभी असलेली बाई चार वेळा कशी जाईल ते कोणी सांगावं. राज्य सरकारची 180 दिवसांची बालसंगोपन रजापण आहे, मूल 18 वर्षांचं होईपर्यंत घेता येते, पण अधिवेशनात रजेचा अर्ज घेऊन साहेबासमोर जायची कोणाची हिंमत आहे बाप्पा.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी कार्डात बहिणीचं नाव टाकलं, अन् सोबत आणखी दोघींना घेऊन आली. "ताई, अधिवेशन संपेपर्यंत रात्री अकरापर्यंत ठेवाल का?" मी हो म्हटलं. तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक बाई लागते, रात्री मुलं कमी असतात, पण एकटीने नाही जमत, कोणाला शी झाली की दुसऱ्याला कोण पाहील. मावशी थांबायला तयार आहे, तिला जास्तीचे पैसे अन् घरी सोडायला ऑटो पाहिजे. तो खर्च तिघी मिळून देतो म्हणाल्या, मला ते पटून नाही राहिलं, बंदोबस्त सरकारचा अन् मावशीचा ऑटो यांच्या पगारातून. ठाण्यातल्या वेल्फेअरच्या साहेबांकडे अर्ज दिलाय, तोपर्यंत ऑटोचे पैसे मी देते.