सामाईक गटातून स्वतःच्या घरापर्यंत : माझा मोजण्यांचा अनुभव

पुरंदर तालुक्यात आमचा वडिलोपार्जित गट, म्हणजे एका गट नंबरची जमीन, आम्हा तिघा भावंडांच्या नावे सामाईक होता. मला माझ्या वाट्यात घर बांधायचं होतं. 'आधी मोजणी करून घे' असं जो तो सांगायचा, पण कोणती मोजणी, हे कुणी सांगत नव्हतं. प्रत्यक्षात तीन वेगवेगळ्या मोजण्या लागल्या आणि एकीचं काम दुसरीने भागत नाही, हे मला पुरतं पटलं.

पहिली हद्द कायम मोजणी. खालच्या बांधावरून आमची आणि शेजारच्या तात्यांची जुनी कुरबुर होती, म्हणून ती आधी केली. ही तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयाकडूनच करून घ्यावी. खाजगी सर्व्हेअरचा नकाशा कितीही देखणा असला तरी हद्दीच्या वादात त्याला सरकारी 'क' प्रतीचं, म्हणजे मोजणीनंतर कार्यालयाकडून मिळणाऱ्या अधिकृत नकाशाचं, वजन नसतं. अर्ज ई-मोजणीवर ऑनलाइन भरला. चालू सातबारा, चतुःसीमा (चारही बाजूंना काय आहे ते) आणि लगतधारकांची, म्हणजे शेजारच्या जमीनमालकांची, नावं-पत्ते लागतात. पूर्वी साधी, तातडी, अतितातडी अशी चढती भाजणी होती. आता नियमित आणि द्रुतगती असे दोनच प्रकार आहेत. मी नियमित घेतली.

लगतधारकांना कार्यालयाची नोटीस जाते. पण ती हातात पडायच्या आत मी तात्यांच्या घरी जाऊन आले. "तात्या, तुमच्यावर मोजणी लावत नाहीये. घर बांधायचंय, तेव्हा बांध पक्का कळलेला बरा. तुम्ही समोर उभे राहा." हे मी प्रत्येकाला आवर्जून सांगते. टपालाने आलेली नोटीस गावात दाव्यासारखी वाटते.

मोजणीच्या दिवशी भूकरमापक, म्हणजे कार्यालयाचे मोजणी करणारे कर्मचारी, रोव्हर हे उपग्रहांवरून स्थान काढणारं यंत्र घेऊन आले. उपग्रहांच्या संदेशाला कायमस्वरूपी संदर्भ केंद्रांकडून दुरुस्ती मिळते, त्यामुळे काही सेंटिमीटरपर्यंत अचूक स्थान मिळतं. चिंचेखाली मात्र संदेश नीट मिळेना, तिथले बिंदू टोटल स्टेशनने, म्हणजे कोन आणि अंतर मोजणाऱ्या दुर्बिणीसारख्या यंत्राने, घेतले. आधी त्यांनी आमची वहिवाट मोजली, म्हणजे आज कोण कुठवर कसतो ते. मग त्यावर जुन्या अभिलेखातली हद्द बसवली. टिपण (जुन्या मोजणीची मापं लिहिलेला कच्चा नकाशा), गटाचा नकाशा हे सगळं ३३ फुटी साखळीच्या काळातलं. एक गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, हे माप त्या साखळीतूनच आलेलं. तात्यांचा बांध एका टोकाला आमच्याकडे सरकलेला निघाला, दुसऱ्या टोकाला आमचाच त्यांच्याकडे. खुणा दाखवल्या, जबाब झाले, सह्या झाल्या. तात्यांना निकाल पटला नसता तर निमताना मोजणीचा मार्ग होता. त्यात वरिष्ठ अधिकारी पुन्हा मोजतात. एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवावी : मोजणी हद्द दाखवते, ताबा मिळवून देत नाही. अतिक्रमण निघालं आणि समोरचा हटला नाही, तर पुढचा रस्ता न्यायालयाचा. आमच्याकडे ती वेळ आली नाही. तात्यांनी आणि आम्ही मिळून दगड रोवले.

दुसरी पोटहिस्सा मोजणी, म्हणजे सामाईक गटातला प्रत्येकाचा वाटा वेगळा करणारी. हिला सगळ्या सहधारकांची संमती लागते, नाहीतर वाटपाचा आदेश. भावंडांत एकमत होतं, त्यामुळे इथे फारसं सांगण्यासारखं नाही. फक्त मोजणी झाली म्हणून निर्धास्त राहू नका. तिचे कागद तलाठी कार्यालयात पोचून फेरफार (हक्कातल्या बदलाची नोंद) मंजूर होतो आणि वेगळा सातबारा निघतो, तोवर पाठपुरावा करावा.

तिसरी मोजणी बांधकामासाठी, खाजगी सर्व्हेअरकडून. नातेवाईक म्हणाले, 'क प्रत आहे की, पुन्हा कशाला खर्च?' पण क प्रतीत जमिनीचा उतार नसतो. आमची जमीन ओढ्याकडे उतरती. सर्व्हेअरने विहिरीच्या कठड्यावर एक पक्की खूण केली, तिला शंभर मीटर उंची धरली आणि बाकी सगळ्या उंच्या तिच्यावरून काढल्या. अर्ध्या-अर्ध्या मीटरच्या समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या), झाडं, विजेचा खांब, ओढ्याचा काठ, सगळं नकाशावर आलं. तो पाहून आर्किटेक्टने घर वरच्या अंगाला सरकवलं. मूळ जागी जोत्याखाली इतका भराव लागला असता की पायाचाच खर्च बराच वाढला असता. माझ्या मते छोट्या घराच्या कामात सगळ्यात जास्त टाळली जाणारी आणि सगळ्यात जास्त पैसे वाचवणारी मोजणी हीच.

त्याच सर्व्हेअरने पुढे आखणीही करून दिली : कॉलमच्या मध्यरेषा, खुंट्या आणि दोन्ही कर्ण जुळवून काटकोनाची खात्री. खोदाईत खुंट्या उखडतातच, म्हणून त्याने रेषा बाहेर वाढवून खड्ड्यापासून लांब पक्क्या खुणा ठेवल्या होत्या. पाया भरल्यावर गवंड्याने त्यांच्यावरूनच दोरी धरली आणि जोत्याची पातळी विहिरीवरच्या खुणेशी ताडून घेतली.