सब्बलीची शॅडो

सातवीतल्या पुतणीनं मे महिन्याच्या दुपारी मला अडवलं. "काकाजी, शेड म्हंजे बी सावली न शॅडो म्हंजे बी सावली. मंग दोन शब्द कायले?"

"झाड देते ते शेड, तुह्या मागं येते ते शॅडो." मी झटकन सांगून मोकळा झालो, पण माझंच समाधान झालं नाही.

आपली सावली एकटीच दोन्ही कामं ओढते. 'सावलीत बैस' म्हणतो तेव्हा ती थंडगार असते; 'सावलीसारखा मागं लागला' म्हणतो तेव्हा तिला नुसता आकार उरतो. पडछाया आहे, पण ती पुस्तकातली. आमच्या गावात पडछाया पाहिलेला माणूस सापडायचा नाही. (चंद्रपूर जिल्ह्यात तर सावली नावाचा तालुकाच आहे. तिथल्या पोट्ट्यांनी काय लिहावं?) इंग्रजीत शॅडो मोजता येतात, शेड मोजत नाहीत. आमचा कृषी केंद्रवाला तीही मोजतो. मिरचीच्या रोपांसाठी शेडनेट मागा, तो विचारणार, "50 टक्के का 75?"

गंमत अशी की दोघं एकाच पोटचे. जुन्या इंग्रजीत शब्द एकच होता. त्याच्या प्रथमेच्या रूपातून शेड आला, बाकीच्या विभक्त्यांतून शॅडो. म्हणजे आपल्या 'घोडा'पासून 'घोड्याला'मधल्या 'घोड्या'नं वेगळं बिऱ्हाड करावं, तसं. टिनाचं शेडही त्यांच्याच भावकीतलं असावं. मात्र आमच्याकडच्या मे महिन्यात त्याच्याखाली बसलं की भावकी तुटल्याची खात्री पटते.

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले ते नऊ कडक दिवस, 25 मेला लागतो. त्याच्या आदल्या दिवशी पुतणीनं अंगणात सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, रोवली. वर्ध्याच्या बाजूला सूर्य त्याच सुमारास बरोब्बर डोक्यावर येतो, शून्य सावली दिवस म्हणतात तो. दोरीला नट बांधून तिनं सब्बल सरळ उभी आहे का तेही तपासलं. डोक्याला दुपट्टे बांधून आम्ही दोघं उकिडवे बसलो. बारा वाजता सावली बोटाएवढी होती, मग नखाएवढी झाली, आणि बारा वाजून बारा मिनिटांच्या आसपास सब्बलीच्या बुडातच शिरली.

"शॅडो गेली!" पोट्टी ओरडली.

आजी निंबाखाली बाजेवर चिंचा फोडत होती. चिंचोका टोपल्यात टाकत तिनं विचारलं, "कुठी गेली वं? मंग मी कायच्यात बसली आहो?"

पुतणीनं माझ्याकडं पाहिलं. मी सब्बलीकडं पाहिलं.

"पाह्यत काय बसले?" आजी म्हणाली, "बाज सरकवा जराशी." आणि हातानं पूर्वेची बाजू दाखवली. निंबाची सावली आता तिकडंच जाणार होती.