७३४ मतांसाठी सहा महिने

अमेरिकेत बऱ्याच राज्यांत न्यायाधीशसुद्धा निवडून द्यावे लागतात, हे कळल्यावर बाबांनी पुण्याहून फोनवर विचारलं, "म्हणजे ते प्रचार करत हिंडतात की काय गं?" हिंडतात. पाट्या लावतात, देणग्या मागतात. आमच्या नॉर्थ कॅरोलायनात तर मतपत्रिकेवर त्यांच्या नावाबरोबर पक्षही छापलेला असतो.

नोव्हेंबर २०२४ मध्ये सगळं जग ट्रम्प आणि कमला हॅरिस यांच्याकडे डोळे लावून बसलं होतं. आमच्या राज्यात मात्र गोंधळ झाला तो राज्याच्या सुप्रीम कोर्टातल्या एका जागेवरून. पदावर असलेल्या न्यायमूर्ती अ‍ॅलिसन रिग्ज डेमोक्रॅट, तर समोर अपील कोर्टातले न्यायाधीश जेफरसन ग्रिफिन, रिपब्लिकन. सुमारे ५५ लाख मतं पडली आणि रिग्ज ७३४ मतांनी पुढे राहिल्या. दोनदा फेरमोजणी झाली, तरी आकडा हलला नाही. शिवाय ग्रिफिन यांनी ६५ हजारांहून जास्त मतांवर हरकत घेतली होती.

बोगस मतदान झालं, असा त्यांचा मुख्य आरोप नव्हताच. यातल्या बहुतेक, म्हणजे साठ हजारांवर मतदारांच्या नोंदणीत ड्रायव्हिंग लायसन्सचा नंबर किंवा सोशल सिक्युरिटीचे (आपल्या आधारसारख्या सरकारी क्रमांकाचे) शेवटचे चार आकडे दिसत नाहीत, एवढीच हरकत होती. २००२ च्या केंद्रीय कायद्यानुसार ते हवेत, पण राज्याच्या जुन्या फॉर्मवर ही माहिती सक्तीची आहे, हे धड लिहिलेलंच नव्हतं. तो फॉर्म सुधारला डिसेंबर २०२३ मध्ये.

आमच्या मराठी मंडळातल्या एका काकूंना त्या हिवाळ्यात एक पोस्टकार्ड आलं. पिझ्झाच्या कुपनांच्या गठ्ठ्यात होतं, त्यामुळे कचऱ्यातच जायचं. तुमच्या मतावर परिणाम होऊ शकतो, अशा अर्थाचा मजकूर आणि पुढे क्यूआर कोड. काकू नागरिक होऊन जमाना झाला. मुलाने कोड स्कॅन केला, तर हरकत घेतलेल्या मतदारांच्या लांबलचक यादीत काकूंचं नाव! त्यांचा अंदाज असा, की लायसन्सवर मधलं नाव काकांचं, सोशल सिक्युरिटीच्या नोंदीत अजून वडिलांचं, म्हणून दोन्हीकडची माहिती जुळली नसावी. असं खरंच घडतं. लग्नानंतर बदललेली आडनावं आणि जोडनावं यांच्यामुळे त्या यादीत गेलेली माणसं पुष्कळ होती. गंमत म्हणजे खुद्द रिग्ज यांचे आईवडीलही त्यात होते.

काकूंचा पहिला प्रश्न मात्र चोख होता. "मी कागद स्कॅनरमध्ये टाकून आले. आता त्यातला माझा कागद कसा शोधणार?" शोधता येतो. आमच्याकडे मतदानाच्या दिवसाआधी जे लवकर मतदान चालतं, त्यातल्या मतपत्रिकेवर क्रमांक असतो. पुढे मत अपात्र ठरलं तर नेमकं तेवढंच बाजूला काढता यावं, म्हणून. प्रत्यक्ष मतदानाच्या दिवशीची मतं अशी काढता येत नाहीत. म्हणूनच नोंदणीत तीच त्रुटी असलेले, पण त्या दिवशी मत दिलेले लोक सुटले, आणि लवकर किंवा टपालाने मत देणारे अडकले. परदेशातून आलेल्या मतांना फोटो ओळखपत्राची प्रत जोडलेली नाही, ही हरकत तर मोजक्या काउंटींपुरतीच (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) होती, आणि त्या डेमोक्रॅट वळणाच्या. कोर्टात जायचा हक्क सगळ्यांना आहे, मान्य. पण नियम एवढा प्राणप्रिय असेल तर तो शंभरही काउंटींना लावा की!

पुढचं सगळं कोर्टात. राज्याच्या निवडणूक मंडळाने हरकती फेटाळल्या. एप्रिल २०२५ मध्ये अपील कोर्टाने उलट निकाल दिला: मतदारांनी ठरावीक मुदतीत कागदपत्रं द्यावीत, नाहीतर मत बाद. आठवडाभरात राज्याच्या सुप्रीम कोर्टाने साठ हजार मतं वाचवली, कारण चूक मंडळाची होती, मतदारांची नव्हे. परदेशातल्या मतदारांवरची, म्हणजे सैनिकांवरचीही, टांगती तलवार तशीच राहिली. शेवटी ५ मे रोजी केंद्रीय न्यायाधीश रिचर्ड मायर्स यांनी सामना संपल्यावर नियम बदलता येत नाहीत, असं सांगून रिग्ज यांना विजयी घोषित करायचा आदेश दिला. मायर्स यांची नेमणूक ट्रम्प यांनीच केलेली, हेही सांगायला हवं. दोन दिवसांनी ग्रिफिन यांनी हार मानली.

भारतात लोकसभा-विधानसभेसाठी निवडणूक आयोग एक आणि देशभर पद्धत एक, त्यामुळे हे सगळं आपल्याला विचित्र वाटतं. इथे नियम राज्याचे, अंमलबजावणी काउंटीची. आमच्या राज्यात तर निवडणूक मंडळ नेमण्याचा अधिकारही त्याच मे महिन्यात गव्हर्नरकडून काढून स्टेट ऑडिटरकडे, म्हणजे राज्याचे हिशेब तपासणाऱ्या अधिकाऱ्याकडे गेला. गव्हर्नर डेमोक्रॅट, ऑडिटर रिपब्लिकन, एवढं सांगितलं की पुरे. पुढे केंद्राच्या न्याय खात्याने खटला भरल्यावर अपुऱ्या नोंदी दुरुस्त करायची मोहीम निघाली. काकूंनी लायसन्स दाखवून आपली नोंद करून घेतली.

ज्यांचं अजून ग्रीन कार्डच आहे किंवा जे व्हिसावर आहेत, त्यांना मात्र वेगळी काळजी. लायसन्स काढायला गेलात की काउंटरवर मतदार नोंदणी करायची का, असं सहज विचारतात. १९९३ च्या कायद्याने तशी सोय ठेवली आहे. घाईत "यस, यस" म्हणून सही करू नका. नागरिक नसताना मतदान केलं तर गुन्हा होतो आणि पुढे देशाबाहेर काढण्यापर्यंत वेळ येऊ शकते. त्या चौकटीवर सरळ "नो" करा आणि छापील कागद सही करण्याआधी वाचून घ्या.