एका रिमाचं पुस्तक

कडोलीच्या साहित्य संमेलनात विचारलं, येळ्ळूरला विचारलं, आता फोनवरही विचारतात: "बाई, पुस्तक घरातच केलंत म्हणे. कसं केलंत? आम्हालाही करायचंय." दर वेळी मी उभ्या उभ्या काहीतरी अर्धवट सांगते आणि घरी आल्यावर चुटपुट लागते, कागदाचं सांगायचं राहिलं, दोऱ्याचं राहिलं. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट बसून लिहिते.

पुस्तक आहे तळहाताएवढं. 48 पानं, सात लेख. खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळांत मी 31 वर्षं शिकवलं, त्या गावांतल्या माणसांवर लिहिलेले. प्रती 80. छापून आणल्या डीटीपीवाल्याकडून; घड्या घालणं, शिवणं, चिकटवणं सगळं बेळगावच्या वडगावातल्या आमच्या माजघरात, मी आणि माझ्या वहिनी.

आधी मी रीतसर प्रकाशकाकडं गेले होते. त्यांनी चार महिने लेखन ठेवून घेतलं आणि दोन अटी कळवल्या. 500 प्रती निघतील, त्यांतल्या 300 मी विकत घ्यायच्या. आणि भाषा शुद्ध करावी लागेल. नमुना म्हणून पहिला लेख दुरुस्त करून पाठवला होता. त्यात पावसात बसथांब्यावर उभी असलेली एक म्हातारी मला विचारते, "काय करूलालीस गे बाय हितं?" त्याचं त्यांनी केलं होतं, "काय करते आहेस बाई इथे?" मी ते पान कितीतरी वेळ हातात धरून बसले. ती म्हातारी त्या वाक्यात उरलीच नव्हती. आमच्याकडं बोलतात ती मराठी छापून आलेली आधीच कमी दिसते. तीही मीच पुसायची, तर मग लिहायचं कशाला? पैशाच्या अटीवर मी कदाचित विचार केला असता. या अटीवर नाही.

मग एका रात्री वही घेऊन नावं लिहायला बसले. हे पुस्तक वाचेल, नक्की वाचेल, असं माणूस कोण? जुने विद्यार्थी, सोबतच्या शिक्षिका, ज्यांच्यावर लिहिलं त्यांची घरं, दोन-तीन गावांतली वाचनालयं, हिवाळ्यात गावोगावच्या संमेलनांत भेटणारी माणसं. 73 नावं झाली. मला वाटतं पुस्तकाची आखणी इथूनच सुरू करावी. आपल्या सीमाभागात वाचक नावानिशी माहीत असतो. तो कुठल्या गल्लीत राहतो, चष्मा लागलाय का, हेसुद्धा. ज्यांना विचारलं त्यांतले बहुतेक जण आधी मुखपृष्ठाचं बोलतात. मी म्हणते, आधी नावं लिहा.

कागदाचं मला बाइंडर मामांनी शिकवलं. खडेबाजाराजवळच्या एका बोळात त्यांचं दुकान आहे. सोसायट्यांची खातेबुकं आणि शाळांची हजेरीपुस्तकं बांधतात. घरी कन्नड, माझ्याशी मराठी. ए-4 कागद मधोमध दुमडून वहीच्या आकाराचं पुस्तक करायचं असं ठरवून मी गेले होते. त्यांनी माझ्या हातातला एक कोरा कागद घेतला आणि उभा फाडला. टर्रकन सरळ फाटत गेला. मग दुसरा घेऊन आडवा फाडला. तो वेडावाकडा, दातेरी फाटला.

"बघितलात? कागदालाबी बांबूसारखं अंग असतंय. ह्याचं तंतू उभं चाललंत. तुम्ही घडी घालणार आडवी. मग ती फुगून बसणार, पुस्तक मिटायचं नाही."

मग त्यांनी कागद आडवा कापून दोन अर्धुकं केली आणि त्यातलं एक मध्यावर दुमडलं. आता घडी तंतूंच्या दिशेनंच आली. नखानं दाबली तर बसली ती बसलीच. बाजारात मिळणाऱ्या ए-4 च्या रिमात तंतू बहुधा लांबीच्या बाजूनं असतात, म्हणून त्या कागदाला ए-6, म्हणजे 105 बाय 148 मिलिमीटरचं छोटं पुस्तक मानवतं. पुस्तकाचा आकार असा कागदानं ठरवला. तुम्ही घ्याल तो कागद आधी फाडून बघा, एवढं विसरू नका.

एका ए-4 मधून या आकाराची आठ पानं निघतात. 48 पानांना सहा कागद. 80 प्रतींना 480. एका रिमात 500 असतात, म्हणजे खराब व्हायला 20 हाताशी. 73 नावांना 80 प्रती पुरत होत्या. कागद 80 जीएसएमचा, म्हणजे जरा जाड घेतला, कारण 70 च्या कागदातून मागची अक्षरं पुढं दिसतात आणि माझ्या वाचकांत साठीच्या पुढचे बरेच.

मात्र 48 पानांत माझे सगळे लेख मावत नव्हते. बारा होते, सात ठेवले. हे सगळ्यात अवघड गेलं, शिवणापेक्षाही. एका लेखात एका नामवंत कवीची अख्खी कविता घेतली होती. कवीच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क त्यांचे किंवा त्यांच्या वारसांचे असतात, परवानगी काढलेली नव्हती, म्हणून तो लेख गेला. बाकीचे चार का काढले ते सांगता येईल, पण त्या लेखांतली माणसं अजून भेटतात, म्हणून नको.

पानं लावायची एक सोपी खूण आहे. चार अर्धुकं एकात एक घातली की 16 पानांचा एक जुज होतो. सगळ्यात बाहेरच्या कागदावर एका अंगाला 16 आणि 1, पाठीमागं 2 आणि 15. त्याच्या आत 14 आणि 3, पाठीमागं 4 आणि 13. शेजारशेजारच्या दोन पानांची बेरीज नेहमी 17. दुसऱ्या जुजात ती 49 येते, तिसऱ्यात 81. बेरीज चुकली की पान चुकलं. तरी आधी कोऱ्या कागदांची डमी करून तिच्यावर पेन्सिलीनं आकडे टाका. डीटीपीवाल्याला ती डमीच नेऊन दाखवली, तेव्हा कुठं त्याच्या लक्षात आलं मला काय हवंय ते. प्रत्येक ए-4 वर तीच जोडी वर आणि खाली अशी दोनदा छापली, म्हणजे मधून कापलं की दोन प्रतींचे कागद एकदम निघतात.

अक्षरांवर मात्र डोळ्यांत तेल घालून बसा. तो मुलगा कन्नड भाषक, कामाला चोख, रोज कन्नड लग्नपत्रिका आणि अर्ज करतो. त्याच्याकडचा देवनागरी फाँट हिंदी वळणाचा होता. ल आणि श आपल्या पुस्तकांतल्यासारखे नव्हते. ते एक वेळ चाललं असतं. पण जत्रेच्या जेवणावरच्या लेखात "आचाऱ्यांनी भात वाढला" होतं, ते उमटलं "आचार्यांनी भात वाढला". चुलीपुढं घाम पुसणारा आचारी गेला आणि आचार्य येऊन बसले! मराठीतला हा चंद्रकोरीसारखा र गेला की दऱ्यांचा दर्या होतो. आम्ही 'तिरो देवनागरी मराठी' हा फाँट उतरवून घेतला, फुकट मिळतो, मराठी वळणाचाच केलेला आहे. मग त्यानं आणि मी मिळून एकेक ऱ्य आणि ऱ्ह शोधला. दोन संध्याकाळी गेल्या. त्याला मराठी नीट वाचता येत नाही, पण तिसऱ्या दिवशी तोच मला बोट दाखवून म्हणाला, "मॅडम, इथं अर्धा चंद्र राहिला बघा."

आता शिवण. शाळेत दर वर्षी आम्ही मुलांचं हस्तलिखित काढायचो, पण ते सुतळीनं बाजूनं टाचलेलं, पूर्ण कधी उघडायचंच नाही. घडीतून शिवण्याची जुजबंदी मी पहिल्यांदा नीट पाहिली ती माझ्या वडिलांच्या वहीत. 1946 साली बेळगावात साहित्य संमेलन भरलं, ज्यात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, तेव्हा वडील 16 वर्षांचे होते. तिथं ऐकलेल्या कवितांच्या ओळी त्यांनी एका शिवलेल्या वहीत उतरवून घेतल्या होत्या. कागद तांबूस झालाय, कोपरे झडलेत, पण वही कुठल्याही पानावर उघडा, सपाट उघडते. दोरा एकाही ठिकाणी सुटलेला नाही. तिच्याशेजारीच मी दहा वर्षांपूर्वी घेतलेलं, नुसत्या गोंदावर चिकटवलेलं पुस्तक आहे. त्याची पानं रबरबँड लावून ठेवावी लागतात.

वहिनी वाकळ शिवतात, त्यामुळं सुई-दोऱ्याला मला बाहेर जावं लागलं नाही. वाकळीचाच जाड सुती दोरा मेणबत्तीवरून दोनदा ओढून घेतला, म्हणजे गुंतत नाही आणि कागदाला चिरत नाही. घडीच्या आतून दाभणानं सहा भोकं पाडायची. तिन्ही जुजांची भोकं समोरासमोर यायला हवीत, त्यासाठी पुठ्ठ्याची पट्टी करून तिच्यावर खुणा केल्या. मधल्या भोकांतून आत-बाहेर जात टोकाला यायचं, दुसरा जुज वर ठेवायचा, आणि त्याच्या टोकाला पोचलं की सुई खालच्या जुजाच्या टाक्यात अडकवून फास घ्यायचा. तिन्ही जुज त्या साखळीनं एकमेकांना धरून राहतात. माझे टाके सैल पडत होते. वहिनींनी माझा हात धरून दाखवलं: दोरा वर ओढायचा नाही, घडीच्या रेषेत आडवा ओढायचा. वर ओढला की कागद फाटतो. एवढ्या एका गोष्टीनं शिवण सुधारली. एका प्रतीला 25 मिनिटं. रात्रीचं जेवण आवरलं की दोघी बसायचो, कधी दोन प्रती, कधी तीन.

कण्याला लावलेल्या पट्ट्या शहापूरच्या एका मागवाल्यानं दिल्या, विणून उरलेल्या सुती कापडाच्या. चिकटवायला मैद्याची खळ, पातळ शिजवलेली, त्यात चिमूटभर मोरचूद. मोरचुदानं कसर लागत नाही. पण ते विष आहे, त्याचं भांडं आणि चमचा वेगळा ठेवा आणि लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका. मुखपृष्ठाचा जाड कागद लग्नपत्रिका छापणाऱ्याकडून स्क्रीन प्रिंटिंग करून आणला, एकाच रंगात. शेवटी कडा मामांच्या कटिंग मशीनवर कापून घेतल्या, कारण एकात एक घातलेल्या कागदांतला आतला जरा बाहेर डोकावतोच. कागद, छपाई, कापड, दोरा, सगळं मिळून प्रतीला 36 रुपये पडले. किंमत 50 ठेवली.

आणि पावसाळ्यात करू नका. पहिल्या सहा प्रती मी आषाढात बांधल्या. आपल्याकडं तेव्हा मीठसुद्धा पाझरतं, कागद सादळणारच. खळ तीन दिवस वाळली नाही, पानं लाटांसारखी झाली, दोन प्रतींच्या कण्याला बुरशी आली. सहाही प्रती उसवल्या. बाकीचं काम दिवाळीनंतर सुरू केलं, संक्रांतीच्या आत संपवलं.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख-क्रमांक, घ्यावा का, हे हमखास विचारतात. भारतात तो फुकट मिळतो, राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सीकडं अर्ज करावा लागतो. दुकानांतून विकायचं असेल तर जरूर घ्या. मी घेतला नाही, माझी प्रत हातातून हातात जाणार होती. मात्र 1954 च्या कायद्याप्रमाणे चार प्रती टपालानं पाठवल्या: कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला, आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना. पुस्तक निघाल्यापासून 30 दिवसांत पाठवायच्या असतात. छोट्या पुस्तकाला कोण विचारतं म्हणून पुष्कळ जण हे टाळतात. टाळू नका. "काय करूलालीस गे बाय" कोलकात्याच्या फडताळात जाऊन बसलंय, या विचारानं मला अजून बरं वाटतं.

एक प्रत गणपत गल्लीतल्या सार्वजनिक वाचनालयाला दिली, दोन घरी ठेवल्या, 73 त्या 73 नावांना. प्रत्येक प्रतीवर आकडा घातला, आणि वहीत नावापुढं तोच आकडा. बसथांब्यावरची म्हातारी आता नाही. तिची प्रत तिच्या सुनेला दिली. तिनं ते वाक्य वाचलं, थांबली, पुन्हा मोठ्यानं वाचलं, अगदी सासूच्या हेलात, आणि आतून नवऱ्याला हाक मारली.

आता दुसरं पुस्तक हाताशी घेतलंय. या वेळी ग्रंथालयांच्या आणि घरच्या प्रती धरून नावं 94 झालीत. 48 पानं ठेवली तर 564 कागद लागतात, रीम पुरत नाही. 40 पानं केली तर प्रतीला पाच, म्हणजे 470, आणि 30 हाताशी. त्यासाठी एक लेख काढावा लागणार. आज सकाळी विहिरीवरचा काढून ठेवला होता. दुपारी पुन्हा वाचला आणि परत आत घातला. उद्या तिकोन्यातल्या पिठाच्या गिरणीचा काढून बघते.