मंकच्या घरातली गाणी

जॅझ पियानिस्ट आणि संगीतकार थेलोनियस मंक म्हटलं की सगळे त्याच्या 'राउंड मिडनाइट' या धूनवर येऊन थांबतात, मीही कितीतरी वर्षं तिथेच होतो, सुंदरच आहे ती, कूटी विल्यम्सच्या बँडने 1944 मध्ये रेकॉर्ड केली तेव्हापासून जगभर वाजतेय. पण गेले दोन महिने मी मंकच्या फारशा न वाजणाऱ्या ट्यून्स ऐकतोय आणि अर्ध्याअधिक नावांत त्याच्या घरचीच माणसं सापडतायत!

'लिटल रूटी टूटी' घ्या. 1952 ची, मुलासाठी केलेली, त्याला घरात टूट म्हणायचे. पियानोवर असे कॉर्ड, म्हणजे एकदम दाबलेले अनेक सूर, आदळतो की चक्क आगगाडीची शिट्टी ऐकू येते, आणि मागे ड्रम्सवर आर्ट ब्लेकी. 'जॅकी-इंग' भाचीच्या नावाची. मग 1968 चा 'अंडरग्राउंड' हा अल्बम, त्यात 'बू बूज बर्थडे' मुलीसाठी, बार्बराला घरात बू बू म्हणायचे, आणि 'ग्रीन चिमनीज' हे तर तिच्या शाळेचं नाव. शाळेच्या नावाने ट्यून करणारा बाप, मला हे फार म्हणजे फार आवडलं.

त्याच अल्बममध्ये 'अग्ली ब्यूटी' आहे, मंकने आयुष्यात केलेला एकमेव वॉल्ट्झ, तीनचा ठेका. वॉल्ट्झ म्हणून गोड गिरकीची अपेक्षा ठेवाल तर नाही मिळणार, चार्ली राऊजचा सॅक्सोफोन सूर धरून हळूहळू पुढे सरकतो आणि मंक मधेच एखादा खडबडीत कॉर्ड ठेवून गप्प बसतो, ती गप्प जागा नीट ऐका, मी तेवढ्यासाठी रिवाइंड करतो.

पण सगळ्यात जवळची 'क्रेपस्क्यूल विथ नेली'. 1957 मध्ये बायको नेली थायरॉइडच्या ऑपरेशनसाठी हॉस्पिटलमध्ये होती, तेव्हा त्याने ही तिच्यासाठी रचली. क्रेपस्क्यूल म्हणजे आपली कातरवेळ. जॅझमध्ये धून एकदा वाजवली की पुढे सगळा खेळ सोलोचा, म्हणजे एकेकाने ऐनवेळी सुचेल तसं वाजवण्याचा, पण इथे मंक सोलोच घेत नाही, जशी लिहिली तशीच वाजवतो, म्हणजे एखाद्या मोठ्या गवयाने नुसती बंदिश म्हणावी, ना आलाप ना ताना, आणि उठावं. दरवेळी तशीच. इतका मनस्वी माणूस, बाकी सगळं मोडून-तोडून वाजवणारा, पण नेलीच्या ट्यूनमध्ये एक सूर इकडचा तिकडे करायचा नाही त्याला.

हेडफोन लावून ऐका, शक्यतो दिवे लागायच्या वेळी.